मुक्काम चालू असतानाची सफाई: सुट्टीच्या भाड्याच्या घरात चादरी-टॉवेल कधी आणि कसे बदलावेत

सुट्टीसाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या घराची सफाई म्हटली की बहुतेक मालकांच्या डोळ्यांसमोर एका पाहुण्याचे चेक-आउट आणि दुसऱ्याचे चेक-इन यांच्यामधल्या काही तासांतली धावपळ येते. त्या वेळी घर रिकामे असते, सगळे दरवाजे आणि कपाटे उघडता येतात, आणि कोणतीही वस्तू कुठेही हलवली तरी कोणाची हरकत नसते. मुक्काम चालू असताना करायची मधली सफाई म्हणजे तेच काम थोडक्यात उरकणे, असा समज करून घेतला तर तिथूनच तक्रारी सुरू होतात. त्या दिवशी घराचा ताबा पाहुण्याकडे असतो, पलंगावर त्याचे कपडे असतात, बेसिनभोवती त्याच्या बाटल्या असतात आणि खोलीत कोणी झोपलेलेही असू शकते. त्यामुळे मधल्या सफाईत काय करायचे यापेक्षा काय करायचे नाही, हे आधी ठरवावे लागते, आणि ते पाहुण्याला बुकिंगच्या वेळीच ठाऊक असावे लागते.

किती रात्रींना किती वेळा

सहा-सात रात्रींपर्यंतच्या मुक्कामात मधली सफाई बहुधा कोणाला नको असते. जास्तीचे टॉवेल मागितल्यास मिळतील एवढी सोय असली तरी पुरते. आठ ते चौदा रात्रींच्या मुक्कामात एकदा सफाई आणि चादरींची एक बदली योग्य ठरते; टॉवेल मात्र तीन-चार दिवसांनी बदलण्याची तयारी ठेवावी, कारण दमट हवेत टॉवेल पुरता वाळत नाही आणि त्याला कुबट वास चादरीच्या कितीतरी आधी येऊ लागतो. दोन आठवड्यांच्या पुढे आठवड्याला एकदा चादरी आणि आठवड्याला किंवा पंधरवड्याला एकदा सफाई, असा क्रम बहुतेकांना मानवतो.

दिवस निवडताना मुक्कामाचे पहिले दोन आणि शेवटचे दोन दिवस वगळावेत. दहा रात्रींच्या मुक्कामात पाचवा किंवा सहावा दिवस आणि चौदा रात्रींच्या मुक्कामात सातवा किंवा आठवा दिवस धरला, की बदलीच्या दोन्ही बाजूंचे दिवस सारखे राहतात. जिथे बहुतेक चेक-आउट शनिवार-रविवारी होतात, तिथे मधल्या सफाया मंगळवार ते गुरुवारच्या दरम्यान ठेवाव्यात. एरवी त्याच कर्मचाऱ्यांवर दोन्ही कामे एकाच दिवशी येऊन पडतात आणि घाईत नेहमी मधल्या सफाईचाच बळी जातो.

खर्चाचा प्रश्नही इथेच सोडवावा लागतो. एअरबीएनबीसारख्या संकेतस्थळांवर मालकाने लावलेले सफाईचे शुल्क संपूर्ण मुक्कामासाठी एकदाच घेतले जाते, मुक्काम तीन रात्रींचा असो वा तीन आठवड्यांचा. त्यामुळे मधली सफाई तुम्ही मोफत देणार असाल तर तिचा खर्च रात्रीच्या दरात धरलेला असायला हवा, आणि स्वतंत्र पैसे घेणार असाल तर ती रक्कम घराच्या माहितीत बुकिंगपूर्वी दिसली पाहिजे. माझा कल पहिल्या पर्यायाकडे आहे. आठ रात्रींहून मोठ्या मुक्कामात एक सफाई समाविष्ट आहे असे लिहिले, की पाहुण्याला ती सवलत वाटते आणि मालकाला घराच्या आत एकदा नजर टाकण्याची रीतसर संधी मिळते. गळका नळ किंवा वाढत चाललेली ओल तीन आठवड्यांनी कळण्यापेक्षा दहाव्या दिवशी कळलेली केव्हाही बरी.

माहितीत काय लिहावे, हेही नेमके असावे. ‘मधली सफाई उपलब्ध’ एवढ्याने भागत नाही. कोणत्या वस्तू बदलल्या जातील, कोणत्या जागा स्वच्छ केल्या जातील, भांडी घासणे आणि पाहुण्याचे कपडे धुणे त्यात येते की नाही, ही चार वाक्ये नंतरचा बराच वाद वाचवतात. भांड्यांचा मुद्दा तर विसरूच नये, कारण सिंकमध्ये साठलेल्या भांड्यांवरून जेवढी कटुता येते तेवढी लादीवरच्या डागांवरून येत नाही.

चादरी-टॉवेलांचा साठा

प्रत्येक पलंगामागे तीन जोड हा या व्यवसायातला सर्वमान्य हिशेब आहे: एक पलंगावर, एक धुण्यात आणि एक कपाटात. केवळ चेक-आउटनंतर बदली करणाऱ्या घरांना तो पुरतो. मधल्या बदल्या सुरू केल्या आणि धुलाई बाहेरच्या लाँड्रीत होत असली, तर चौथा जोड लागतोच, कारण लाँड्रीतून माल यायला दोन दिवस लागले आणि तेवढ्यात एखाद्या मुलाने गादी ओली केली तर कपाटातला जोडही संपतो. शिवाय धुऊन लगेच पुन्हा वापरल्या जाणाऱ्या कापडापेक्षा अधूनमधून विसावा मिळणारे कापड अधिक टिकते.

वजनाचा हिशेब मालक सहसा करत नाहीत, आणि मग दोन तासांच्या भेटीत ‘तिथेच धुऊन, वाळवून परत घालू’ असे बेत आखले जातात. ७० बाय १४० सेंटिमीटरचा, चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजनाचा अंगाचा टॉवेल कोरडा असताना सुमारे ४९० ग्रॅम भरतो, आणि त्याच कापडाचा ५० बाय ९० सेंटिमीटरचा हात पुसायचा टॉवेल सुमारे २२५ ग्रॅम. चार पाहुण्यांचे एवढेच टॉवेल २.९ किलोच्या घरात जातात. दोन माणसांच्या पलंगाची सुती चादर, रजईची खोळ आणि चार अभ्रे मिळून साधारण दोन ते अडीच किलो होतात. म्हणजे दोन पलंग आणि चार माणसे यांचे धुणे पायपुसणी धरून आठ किलोच्या आसपास पोचते. सात किलोच्या यंत्रात ते एका वेळी मावत नाही, आणि धुणे व वाळवणे एकाच यंत्रात करणारी यंत्रे जेवढे धुतात तेवढे एका वेळी वाळवू शकत नाहीत. तेव्हा नियम सरळ ठेवावा: धुतलेला पूर्ण जोड बरोबर आणायचा आणि वापरलेला बरोबर न्यायचा. पाहुण्याच्या घरातले यंत्र त्याच्यासाठी मोकळे राहू द्यावे.

खरेदी करताना सगळ्या चादरी एकाच रंगाच्या, शक्यतो पांढऱ्या घ्याव्यात. एक चादर बाद झाली तर जोडीची दुसरी निकामी होत नाही, आणि डाग दिसतो म्हणून तो वेळेत काढला जातो. मापांचा गोंधळ टाळण्यासाठी चादरीच्या कोपऱ्यात मापानुसार वेगळ्या रंगाचा टाका घालून ठेवावा. पाहुणा दारात उभा असताना चुकीच्या मापाची चादर उलगडून पाहण्याची वेळ येत नाही. टॉवेलांच्या बाबतीत जाडीचा मोह आवरावा. चौरस मीटरला ७०० ग्रॅम वजनाचा टॉवेल हाताला छान लागतो, पण दोन धुण्यांमध्ये तीन-चार दिवस वापरायचा असेल तर तो न्हाणीघरात पुरता वाळतच नाही. ४५० ते ५५० ग्रॅम हा पट्टा लांबच्या मुक्कामासाठी चांगला. याशिवाय मेकअप पुसण्यासाठी दोन गडद रंगाची छोटी फडकी बेसिनजवळ ठेवावीत. पांढरे टॉवेल वाचवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

घरात पाहुण्याच्या हाताशी एक जादा जोड ठेवावा, बाकीचा साठा कुलपात. सगळा साठा उघड्या कपाटात असला तर तो सगळा वापरला जातो, आणि त्यासाठी पाहुण्याला दोष देता येत नाही.

पाहुण्याशी बोलणे

बुकिंग निश्चित झाल्यावर मधल्या सफाईची तारीख एकदा कळवावी आणि प्रत्यक्ष दिवसाच्या दोन दिवस आधी पुन्हा आठवण द्यावी. आधी ठरलेले होते एवढ्या बळावर न विचारता आत जाऊ नये. संकेतस्थळांचे नियमही मुक्काम चालू असताना पाहुण्याच्या संमतीशिवाय घरात जाण्याला, आपत्ती सोडता, परवानगी देत नाहीत. संदेश काहीसा असा असावा:

‘नमस्कार. ठरल्याप्रमाणे बुधवारी सकाळी ११ ते दुपारी १ या वेळेत आमचे दोन कर्मचारी मधल्या सफाईसाठी येतील. दोन्ही पलंगांच्या चादरी, अभ्रे आणि सर्व टॉवेल बदलले जातील; स्वच्छतागृहे, स्वयंपाकघराचा ओटा आणि लादी स्वच्छ केली जाईल. आपले कपडे, कागदपत्रे आणि औषधे यांना कोणी हात लावणार नाही. पलंगावरच्या आणि बेसिनभोवतीच्या वस्तू आपण आधी बाजूला ठेवल्यास काम लवकर होईल. वेळ बदलायची असेल, सफाई नको असेल किंवा फक्त धुतलेल्या चादरी आणि टॉवेल दारात ठेवून हवे असतील, तर मंगळवारी संध्याकाळपर्यंत कृपया कळवावे.’

शेवटच्या वाक्यातला तिसरा पर्याय फार उपयोगाचा आहे. पुष्कळ पाहुण्यांना स्वच्छ चादरी हव्या असतात, पण घरात परकी माणसे नको असतात. अशा वेळी धुतलेला जोड बांधून दारात ठेवायचा, सोबत एक रिकामी पिशवी द्यायची, आणि वापरलेले कापड पाहुण्याने त्यात भरून दाराशी ठेवायचे. कर्मचाऱ्याचे काम दहा मिनिटांत होते, पाहुण्याचा दिवस मोडत नाही आणि मालकाचा खर्चही कमी होतो. एक आठवडा ते दहा दिवसांच्या मुक्कामात मी तर हाच पर्याय पहिला सुचवीन आणि पूर्ण सफाई मागणीवर ठेवीन. मोठ्या हॉटेलांनीही महासाथीनंतर हीच वाट धरली आहे. हिल्टनने २०२१ मध्ये अमेरिकेतील आपल्या बहुतेक हॉटेलांत खोलीची रोजची सफाई थांबवून ती मागितल्यावर द्यायला सुरुवात केली.

टॉवेल पुन्हा वापरावेत अशी विनंती करणारी चिठ्ठी ठेवायची असेल, तर तिच्या शब्दांचा परिणाम होतो का, यावर प्रत्यक्ष प्रयोग झालेले आहेत. गोल्डस्टीन, चाल्दिनी आणि ग्रिस्केविशियस यांच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पर्यावरणाची नेहमीची विनंती वाचून सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरले, तर ‘इथे राहणारे बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात’ असे सांगितल्यावर ते प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांवर गेले. नंतर जर्मनीतील हॉटेलांत झालेल्या अशाच प्रयोगांत मात्र दुसऱ्या मजकुराला तसे झुकते माप मिळाले नाही. तेव्हा मजकुराच्या चतुराईवर फार विसंबू नये. टॉवेल टांगायला माणशी एक खुंटी किंवा दांडी आणि न्हाणीघरात वारा खेळता असला, की पाहुणा आपणहून टॉवेल वाळवतो. एकाच खुंटीवर चार टॉवेल लोंबत असतील तर कोणतीही चिठ्ठी उपयोगी पडत नाही.

घरात शिरताना

कर्मचाऱ्यांनी घंटी वाजवावी, थांबावे, पुन्हा वाजवावी, दार किलकिले करून मोठ्याने आपली ओळख द्यावी आणि मगच आत जावे. पाहुणे बाहेर गेल्याचे त्यांनी सांगितलेले असले तरी हा क्रम सोडू नये. घरात फक्त लहान मुले असतील तर आत न जाता मालकाला फोन करावा. शक्य असेल तिथे दोघांनी मिळून जावे. काम निम्म्या वेळात होते हा एक फायदा; पुढे एखादी वस्तू हरवल्याची तक्रार आली तर दोघेही एकमेकांचे साक्षीदार असतात, हा त्याहून मोठा.

पैसे, दागिने, पासपोर्ट, औषधे आणि उघडा लॅपटॉप यांना हात लावायचा नाही, त्यांच्याखालची जागा पुसण्यासाठीसुद्धा नाही. टेबलावर कागद पसरलेले असतील तर ते टेबल त्या दिवशी पुसले जाणार नाही, आणि तशी चिठ्ठी ठेवावी. उरलेल्या किरकोळ वस्तू, म्हणजे चष्म्याचे घर, पुस्तक, चार्जर, उचलून खालची जागा पुसून त्याच जागी, त्याच बाजूने ठेवाव्यात. कपाटे आणि ड्रॉवर उघडण्याचे कारणच नाही. पाहुण्याच्या सामानासह खोलीचे फोटो काढू नयेत. मोडतोड आढळली तर फक्त त्या जागेचा जवळून फोटो घ्यावा आणि पाहुण्याला त्याच दिवशी कळवावे. काम झाले की नाही हे पाहण्यासाठी आत कॅमेरा बसवण्याचा विचारही मनात आणू नये. एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आतल्या कॅमेऱ्यांवर पूर्ण बंदी घातलेली आहे, मग त्याची कल्पना पाहुण्याला दिलेली असली तरीही.

पलंगावर कपडे किंवा बॅगा पडलेल्या असतील तर काय करायचे, याचे उत्तर कर्मचाऱ्यांना आधीच दिलेले असावे. एक-दोन कपडे असतील तर ते न झटकता, घडी न मोडता खुर्चीवर ठेवून पलंग तयार करावा. सगळा पलंगच सामानाने भरलेला असेल तर धुतलेला जोड पलंगाच्या कडेला ठेवून चिठ्ठी लिहावी आणि पुढे जावे. अंतर्वस्त्रे, दागिने किंवा पैसे पलंगावर असतील तरीही हेच दुसरे उत्तर लागू होते.

कामाचा क्रम

आत गेल्यावर पहिल्यांदा खिडक्या उघडाव्यात आणि सगळ्या पलंगांवरच्या चादरी, खोळी आणि अभ्रे काढावेत. वापरलेले कापड झटकू नये आणि छातीशी कवटाळून नेऊ नये; पलंगाजवळच पिशवी उघडून त्यात आत गुंडाळत भरावे, म्हणजे धूळ आणि केस खोलीभर उडत नाहीत. भरताना मोजावे. पाहुण्यांचा स्वतःचा टॉवेल किंवा मुलाचे आवडते पांघरूण चादरींत गुंडाळले जाऊन लाँड्रीत जाणे, हा मधल्या सफाईतला सर्वांत सहज होणारा आणि सर्वांत महाग पडणारा घोटाळा आहे. मोजणी जुळली नाही तर पिशवी बंद करण्यापूर्वी पुन्हा पाहावी. काही टॉवेल पाहुण्यांबरोबर पोहायला गेलेले असतील, त्यांची संख्या वेगळी टिपून ठेवावी आणि त्यांच्या बदल्यात नवे टॉवेल द्यावेत.

गादी उघडी असताना तिच्यावरून नजर फिरवावी. संरक्षक आवरण ओले किंवा डागाळलेले असेल तर तेही बदलावे. गादीच्या शिवणीत, कोपऱ्यांत आणि पलंगाच्या डोक्याकडच्या फळीमागे काळपट ठिपके किंवा पातळ कात दिसली तर ढेकणांची शंका घ्यावी. पूर्ण वाढलेला ढेकूण सुमारे ५ मिलिमीटर लांब असतो आणि डोळ्यांनी दिसतो. अशा वेळी त्या खोलीतले कापड दुसऱ्या खोलीत नेऊ नये, जागेवरच पिशवीत भरून तोंड घट्ट बांधावे, ६० अंश सेल्सिअसला धुवावे आणि ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर किमान अर्धा तास फिरवावे. घरगुती फवाऱ्यांनी ढेकूण मरण्यापेक्षा शेजारच्या खोल्यांत पांगण्याची शक्यता अधिक असते, म्हणून कीटकनियंत्रण करणाऱ्या जाणकारालाच बोलवावे. आणि पाहुण्याला लगेच, स्पष्ट सांगावे. त्याच्या बॅगा त्याच खोलीत आहेत. गप्प राहून आपण ते संकट त्याच्या घरापर्यंत पोचवतो.

चादरी निघाल्यावर लगेच नव्या घालू नयेत. त्याआधी स्वच्छतागृहात जाऊन दिसणारी घाण धुऊन काढावी आणि कमोड, बेसिन व नळांवर जंतुनाशक लावून ठेवावे. जंतुनाशकाला काम करायला वेळ लागतो. बाटलीवर जितकी मिनिटे पृष्ठभाग ओला ठेवायला सांगितलेला असतो, बहुधा पाच ते दहा, तितकी द्यावीच लागतात. फवारून लगेच पुसले तर वास येतो, पण निर्जंतुकीकरण होत नाही. तेवढ्या वेळात पलंग तयार होतात आणि परत येऊन स्वच्छतागृह पुसून काढता येते. कमोडसाठी लाल, बेसिन व न्हाणीघरासाठी पिवळे, स्वयंपाकघरासाठी हिरवे आणि बाकी खोल्यांसाठी निळे फडके ही पद्धत व्यावसायिक सफाईत रूढ आहे. लहान घरातही ती पाळावी, कारण पाहुणा घरात असेल तर तो पाहत असतो, आणि कमोडचे फडके ओट्यावर फिरताना पाहिलेला पाहुणा परत येत नाही.

क्लोरीनयुक्त ब्लीच कोणत्याही आम्लयुक्त क्लीनरबरोबर, व्हिनेगरबरोबर किंवा अमोनिया असलेल्या द्रवाबरोबर कधीही एकत्र करू नये. आम्लाबरोबर क्लोरीन वायू आणि अमोनियाबरोबर क्लोरामाइन तयार होते, आणि दोन्ही फुफ्फुसांना घातक आहेत. रिकाम्या घरात हा धोका फक्त कर्मचाऱ्याला असतो; मधल्या सफाईत शेजारच्या खोलीत मूल झोपलेले असू शकते. पाहुण्याने स्वतः कमोडमध्ये काय ओतले आहे हेही आपल्याला ठाऊक नसते, म्हणून मधल्या सफाईत ब्लीच न वापरणेच शहाणपणाचे. तीव्र वासाचे फवारेही टाळावेत. त्या हवेत रात्री झोपायचे पाहुण्यांना आहे.

स्वयंपाकघरात ओटा, शेगडी, सिंक आणि कचरा एवढेच पाहावे. फ्रिजमध्ये सांडलेले काही दिसले तर ते पुसावे, पण पाहुण्याचे अन्न फेकू नये, शिळे वाटले तरीसुद्धा. केर आणि लादी शेवटी, आतल्या खोलीकडून दाराकडे. निघण्यापूर्वी सिंकखालची जागा, न्हाणीघराचे छत आणि एसीच्या जाळ्या यांवर नजर टाकावी. बंद न्हाणीघरात हवेतली आर्द्रता सतत ६० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. कोपऱ्यात काळे ठिपके दिसले तर ते पुसण्याबरोबर पंखा चालतो का हे पाहावे आणि अंघोळीनंतर तो चालू ठेवण्याची विनंती करावी. ड्रायर असेल तर त्याची तंतूंची जाळी साफ करावी. ती तुंबली की कपडे उशिरा वाळतात आणि आगीचाही धोका असतो.

चिठ्ठीत तारीख, बदललेल्या वस्तू आणि जे काम राहिले त्याचे कारण लिहावे. तीन ओळी पुरतात.

धुलाई आणि डाग

पांढऱ्या सुती चादरी आणि टॉवेल ६० अंशांवर धुवावेत. त्या तापमानाला धुळीतले सूक्ष्म कीटक मरतात आणि शरीराचे तेलही सुटते. मिश्र धाग्याच्या कापडासाठी आणि गादीच्या संरक्षक आवरणासाठी लेबलवरच्या टबाच्या चिन्हातला आकडा पाहावा. आवरणाच्या आतला जलरोधक थर ड्रायरच्या जास्त उष्णतेने तडकतो, आणि नेमके हेच सर्वांत वारंवार घडणारे नुकसान आहे. टॉवेलांना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नये. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो. डिटर्जंट जास्त घातल्यानेही टॉवेल कडक होतात, त्यामुळे कडक टॉवेलावर आणखी सॉफ्टनर ओतण्याऐवजी डिटर्जंट कमी करून पाहावे.

लांबच्या मुक्कामात डाग जुने होतात, म्हणून मधल्या बदलीत मिळालेले कापड त्याच दिवशी तपासावे. रक्ताला गार पाणी आणि एन्झाइमयुक्त डिटर्जंट लागते. गरम पाण्याने त्यातली प्रथिने धाग्यात घट्ट बसतात. मेकअप आणि तेलाच्या डागावर धुण्याआधी भांडी घासायचा द्रव चोळून दहा मिनिटे ठेवावा. सनस्क्रीनचा पिवळट-नारिंगी डाग फसवा असतो. त्यातील ॲव्होबेन्झोन पाण्यातल्या लोहाबरोबर मिळून गंजासारखा रंग धरते, आणि क्लोरीन ब्लीचने तो फिका होण्याऐवजी गडद होतो. त्यावर गंज काढणारे, सायट्रिक किंवा ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण वापरावे, आणि ब्लीच वापरलेले असेल तर आधी कापड भरपूर पाण्याने खळबळून घ्यावे. जखमेसाठी वापरलेल्या क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाचेही तसेच आहे: क्लोरीन ब्लीचशी संबंध आला की पक्का तपकिरी डाग उरतो, जो पुढे निघत नाही. याउलट रंगीत टॉवेलावर पडलेले फिकट, नारिंगी छटेचे ठिपके म्हणजे डाग नसतातच; मुरुमांवरच्या क्रीममधील बेंझॉइल पेरॉक्साइडने तिथला रंग उडालेला असतो, आणि धुऊन काही उपयोग नसतो. टॉवेल पांढरेच घेण्याचे हे आणखी एक कारण. कापड ड्रायरमध्ये घालण्यापूर्वी डाग गेला की नाही हे उजेडात पाहावे, कारण उष्णतेने उरलेला डाग कायमचा होतो.

महिनाभराचे मुक्काम

एअरबीएनबीवर २८ किंवा त्याहून अधिक रात्रींचे बुकिंग दीर्घ मुक्काम मानले जाते, आणि अशा पाहुण्याची अपेक्षा सुट्टीवर आलेल्याची नसून घर थाटलेल्याची असते. त्याला आठवड्याला येणारे कर्मचारी अडचणीचे वाटू शकतात. त्याच्याशी पहिल्याच आठवड्यात बोलून वार आणि वेळ कायमची ठरवून घ्यावी, चादरींचे दोन जोड घरातच द्यावेत आणि धुणे त्याच्याकडे सोपवायचे की आपण न्यायचे ते ठरवावे. सफाई पूर्णपणे नाकारणाऱ्या पाहुण्याचा आग्रह धरू नये. पण महिन्यातून एकदा देखभालीसाठी, म्हणजे एसीच्या जाळ्या, धुराचा अलार्म आणि नळ तपासण्यासाठी, पूर्वसूचना देऊन अर्ध्या तासाची भेट बुकिंगच्या अटींतच नमूद करावी. ही भेट सफाईच्या नावाखाली करू नये आणि तिच्यात सफाई घुसडूही नये.

नोंदी आणि बाद कापड

प्रत्येक घरासाठी एक वही किंवा तक्ता ठेवून त्यात दर बदलीला आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या वस्तूंची संख्या लिहावी. टॉवेल कमी भरला की मुक्काम संपेपर्यंत थांबावे. तो बहुधा गाडीत, बॅगेत किंवा गॅलरीत सापडतो, आणि मुक्कामाच्या मध्यावर विचारलेला ‘एक टॉवेल कुठे आहे?’ हा प्रश्न आरोपासारखा ऐकू येतो. डागांसाठी पैसे मागण्यापूर्वी नेहमीच्या वापराने होणारी झीज आणि नुकसान यांत फरक करावा. मेकअप किंवा सनस्क्रीनचा डाग ही झीज आहे आणि तिची तरतूद दरातच असावी. इस्त्रीने जळलेली चादर किंवा केस रंगवताना वापरलेला टॉवेल हे नुकसान आहे, आणि ते फोटोसह त्याच दिवशी कळवलेले असेल तरच पुढे त्यावर बोलता येते.

बाद झालेले टॉवेल फडकी म्हणून वापरायचे असतील तर त्यांचा एक कोपरा कापून टाकावा किंवा त्यावर गडद रंगाचा पट्टा मारावा. तसे न केल्यास ते धुऊन, घडी होऊन पुन्हा चांगल्या टॉवेलांच्या गठ्ठ्यात येतात आणि पुढच्या मधल्या बदलीत कोणाच्या तरी बेसिनजवळ टांगले जातात.